टाकीच्या झाकणावरची रांगोळी

"एक... दोन... पावणेतीन..."

"योग्या, मारतोस उडी की ढकलू?"

"थांब गं! तीन म्हणायच्या आधी मनाची तयारी लागते!"

योगराजच्या मनाची तयारी गेली दहा मिनिटं चालली होती. पाठीला रिकामा डबा बांधून तो विहिरीच्या काठावर उभा होता आणि एकदा पाण्याकडे, एकदा आपल्या आतेबहिणीकडे बघत होता. कामिनी कालच जळगावहून दिवाळीच्या सुट्टीसाठी मामाच्या गावी, करंजवेलला आली होती. सातवीतली मुलगी, पण तोंड असं की शाळेतल्या बाईसुद्धा तिला दोनदा विचार करून प्रश्न विचारत. ज्यांची विहीर होती त्या निंबा आबांची नात रूपा खालच्या पायरीवर बसली होती. ती तेरा वर्षांची होती आणि या दोघांना तोंडीलावण्यापुरतंही मोजत नव्हती.

"नका मारू उडी," रूपा म्हणाली. "आठवडा झाला, पाण्याला कसला तरी वास येतोय. आमचं वासरू तोंड लावत नाही."

कामिनी धडाधड पायऱ्या उतरली. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, नाकाजवळ नेलं आणि तिचे डोळे चमकले. "अगं, हा तर विमानाच्या पेट्रोलचा वास! आणि हा तवंग बघ, निळसर! आज सकाळी आबांच्या बरणीत होतं ना, अगदी तेच!"

आता ही विमानाची भानगड आधी सांगायला हवी. करंजवेलला विमानतळ आहे. काचेच्या भिंती, सरकते जिने वगैरे डोळ्यांसमोर आलं असेल तर पुसून टाका. माळावर एक धावपट्टी, एक पत्र्याची मोठी शेड, विमान चालवायला शिकणाऱ्यांची चार दोन-आसनी विमानं आणि फाटकाशी एक कडुनिंब, एवढाच कारभार. गावात त्याला सगळे नुसतं 'पट्टी' म्हणत. या पट्टीचे व्यवस्थापक म्हणजे कामिनीचे प्रेमराजमामा, योगराजचे बाबा. आणि पट्टीवरचं इंधन सांभाळणारे निंबा आबा, तेहेतीस वर्षं एकाच कामावर. इंधनाची टाकी जमिनीखाली पुरलेली. रोज सकाळी आबा तिचं झाकण उघडत, पितळी टोकाची लांब लाकडी दांडी नळीतून तळापर्यंत सोडत आणि ती किती भिजली यावरून आत किती इंधन आहे ते सांगत. मग काचेच्या बरणीत थोडं इंधन काढून उन्हात धरत. पाणी असलं तर खाली वेगळं दिसतं. पाणी मिसळलेल्या इंधनावर विमान उडालं तर पुढे काय होतं, ते आबा बोटानं नुसतं जमिनीकडे दाखवून सांगत.

आज सकाळीच त्यांनी कामिनीला सगळं दाखवलं होतं. "हाई टाकी आते म्हातारी व्हयनी, पोरी," ते म्हणाले होते. "पहिले दांडी टेके तवय 'टण' वाजे. आठ वरीस झायात, आते 'थुप' वाजस. साहेबले सांगं, तर साहेब म्हने, आबा, तुमना कान म्हातारा व्हयना!"

आणि तिथून निघताना फाटकावरच्या उखर्डूभाऊंनी आपली घंटा वाजवून दाखवली होती. कडुनिंबाला टांगलेली जाडजूड चौकोनी लोखंडी पाटी. भाऊ तिच्या कडेवर बोल्ट हाणत आणि अर्ध्या गावाला जेवायची वेळ कळे. "मन्ही घंटी कशी गोड वाजस, देखं का?" ते छाती फुगवून म्हणाले होते. पाटीच्या मधोमध रुपयाएवढा खोलगट भाग होता. कामिनीनं त्यात बोट फिरवून बघितलं होतं. "योग्या, घंटेच्या गालाला खळी पडलीय!" असं म्हणून ती हसली होती.

ते हसू लक्षात ठेवा. पुढे फार दिवस ती हसली नाही.

* * *

संध्याकाळी पंगत बसली होती. मामीनं भरीत आणि कळण्याच्या भाकऱ्या केल्या होत्या. मामांचं जेवणात लक्ष नव्हतं. तीन महिन्यांपासून टाकीतलं इंधन कमी भरत होतं आणि वरच्या कार्यालयातून रोज फोन येत होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"मामा, एक गंमत सांगू?" कामिनी म्हणाली. "निंबा आबांच्या विहिरीला विमानाच्या पेट्रोलचा वास येतो! निळा तवंगसुद्धा आहे! मी ओळखला!"

मामांचा घास हातातच राहिला. "नक्की?"

"अगदी नक्की!"

"शाबास!" मामा म्हणाले. "फार हुशार आहेस तू."

कामिनीला इतकं बरं वाटलं की तिनं एक भाकरी जास्त खाल्ली. आपण काय बोलून बसलो हे तिला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कळलं.

ठण्ण! ठण्ण! ठण्ण! उखर्डूभाऊंची घंटा अवेळी वाजू लागली. मामांनीच वाजवायला लावली होती. शेडमधले मेकॅनिक, शिकाऊ वैमानिक, रस्त्यानं कापूस वेचायला निघालेल्या बाया, सगळे फाटकाशी गोळा झाले. मध्ये निंबा आबा उभे होते, हातात बरणी घेऊन.

"विहिरीत पेट्रोलचे डबे बुडवून ठेवायचे आणि सवडीनं काढायचे!" मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तेहेतीस वर्षं पट्टीनं विश्वास ठेवला! काढा तो सदरा. वास घेऊ द्या सगळ्यांना!"

"साहेब," आबा म्हणाले, "हाऊ वास तं तेहेतीस वरीसपासून शे. मना आंगले शे, मना भाकरले शे. आठे काम करस ना मी!"

"सदरा काढा म्हटलं!"

आबांनी बरणी खाली ठेवली. बटणं काढायला त्यांना वेळ लागला. कुणीतरी खिदळलं. मामांनी सदरा हातात घेतला, एका शिकाऊ मुलाच्या नाकाशी धरला, त्यानं नाक मुरडलं आणि गर्दी हसली. "हा पुरावा म्हणून इथंच राहील," मामा म्हणाले. "पोलिसांत देत नाही, म्हातारे आहात म्हणून. जा घरी!"

बासष्ट वर्षांचा माणूस उघड्या अंगानं गावातून घरी गेला. बाया तोंडावर पदर घेऊन बाजूला झाल्या. ज्या पोरांना आबा कागदाची विमानं करून देत, तीच पोरं "पेट्रोलचोर! पेट्रोलचोर!" करत त्यांच्या मागे नाचत गेली. पोरं मोठ्यांइतकीच दुष्ट असू शकतात, आणि त्यांना ते करायला काही कारणही लागत नाही. कामिनी फाटकाच्या गजांना धरून उभी होती. तिला ओरडून काही तरी सांगायचं होतं, पण एरवी कात्रीसारखी चालणारी जीभ टाळ्याला चिकटली होती.

* * *

"कुणी सांगितलं ते मला फक्त कळू दे!" रूपा म्हणाली.

ती गोठ्यात बसली होती. वासरू आडवं पडलं होतं. तहान लागली तेव्हा ते शेवटी हाळातलं विहिरीचं पाणी प्यायलं होतं. गुरांचे डॉक्टर पाचोऱ्याला गेलेले, ते येईपर्यंत वासराचे पाय ताठ झाले. गाय त्याला चाटत होती आणि मध्येच थांबून रूपाकडे बघत होती.

योगराजनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि कामिनीकडे मुळीच बघितलं नाही. कामिनीही बोलली नाही. भित्री! तिनं स्वतःलाच मनात शिवी दिली, पण तोंड उघडलं नाही.

"रूपा, आबांनी चोरलं नाही, हे आपण सिद्ध करू," ती एवढंच म्हणाली.

"तू? तू तर साहेबाची भाची!"

"म्हणूनच! मला पट्टीवर कुणी अडवत नाही. आणि हे बघ, डोकं चालव. चोरणारा माणूस चोरलेलं पेट्रोल स्वतःच्याच विहिरीत ओतेल का? स्वतःच्या वासराला पाजेल?"

रूपा डोळे पुसत सावरून बसली. "टाकी फुटणार असं आबा दोन वर्षं सांगतायत. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून मी तीन अर्ज लिहून दिले. टाकी तपासा, टाकी तपासा! तुझ्या मामांनी काय केलं त्यांचं?"

योगराजचा चेहरा पडला. "चहाच्या कपाखाली आहेत," तो हळूच म्हणाला. "टेबलाला डाग पडू नये म्हणून. मी बघितलंय त्यातलं अक्षर. छान आहे."

"छान आहे म्हणे! मेल्या, तेव्हाच सांगायचं नाही?"

"मला काय माहीत ते महत्त्वाचं होतं! बाबांनीच तर कप ठेवला होता!"

कामिनी विचार करत होती. पट्टीच्या वरच्या बाजूला टाकी, उताराला आबांचं शेत, शेतात विहीर. टाकी गळत असेल तर इंधन मातीतून सरकत इथंच येणार. पण हे मामांना पटवायचं कसं? आता टाकीला नवीन कुलूप होतं आणि किल्ली मामांच्या खिशात. तरीही इंधन कमी भरलं तर मामा काय म्हणतील? आबांनी दुसरी किल्ली करून घेतली असेल! माणसाला एकदा चोर ठरवलं की बंद कुलूपसुद्धा त्याच्या विरुद्ध साक्ष देतं. म्हणजे झाकण कुणी उघडलंच नाही, हे दिसायला हवं. डोळ्यांना दिसायला हवं!

"परवा लक्ष्मीपूजन," ती अचानक म्हणाली. "विमानं किती दिवस बंद?"

"भाऊबीजेपर्यंत. तीन दिवस."

"योग्या, मामीकडे रांगोळी किती आहे?"

* * *

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी टाकीवर बरीच माणसं जमली. सुट्टीआधी इंधन मोजून ठेवायचं होतं. शिकाऊ वैमानिकांच्या मुख्य शिक्षिका कॅप्टन सुलक्षणा स्वतः हजर होत्या. उंच, करड्या आवाजाच्या बाई. विद्यार्थी त्यांच्यासमोर शिंकही दाबून धरत. त्या परगावी गेल्या होत्या तेव्हा फाटकावरचा प्रकार घडला, आणि तो ऐकल्यापासून त्या मामांशी कामापुरतंच बोलत होत्या.

मामांनी दांडी सोडली, काढली, ओली खूण सगळ्यांना दाखवली. कॅप्टन बाईंनी तिथं चाकूनं बारीक रेघ मारली. झाकण बंद झालं. कुलूप लागलं.

"मामा!" कामिनी पुढे झाली. हातात रांगोळीचे डबे. "सगळीकडे लक्ष्मी पुजतात. पट्टीची लक्ष्मी तर या टाकीत आहे ना? झाकणावर रांगोळी काढू?"

मामा हरखले. "बघा! संस्कार बघा! काढ, काढ!"

टाकीचं झाकण पत्र्याच्या छपराखाली, कंबरेएवढ्या भिंतीच्या आड होतं. वारा लागत नसे. कामिनी आणि योगराजनं दोन तास खपून रांगोळी काढली. मधोमध कमळ, आणि कमळाच्या पाकळ्या झाकणावरून, कुलपावरून, फटीवरून पार बाहेरच्या सिमेंटपर्यंत ओढलेल्या. झाकण केसभर जरी उचललं असतं तरी कमळ मोडलं असतं. योगराजनं कुलपाच्या किल्लीच्या भोकातसुद्धा लाल रंग भरला.

कॅप्टन बाई जाता जाता थांबल्या. त्यांनी कमळाकडे बघितलं, फटीकडे बघितलं, मग कामिनीकडे. "तीन दिवसांनी या रांगोळीचा फोटो मीच काढणार आहे," त्या म्हणाल्या. "आणि आजही काढते."

बाईंनी ओळखलं होतं! पण बाईंनी पुढे काही विचारलं नाही.

त्या तीन दिवसांत गावभर फटाके वाजले. आबांच्या घरी कुणी फराळाचं ताट नेलं नाही. विहिरीवरून बाण उडवायची पैज काही टारगट पोरांनी लावली, तेव्हा रूपा विळा घेऊन बांधावर उभी राहिली. "एक ठिणगी जरी उनी ना, तं बठ्ठासना पाय तोडसू!" ती गरजली. पोरं पळाली. आबा मात्र ओट्यावरून उठले नाहीत. रोज सकाळी सहाला ते उठून बसत, पट्टीकडे तोंड करत आणि उजवा हात आपोआप वर-खाली होई. दांडी सोडल्यासारखा.

* * *

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळे टाकीशी जमले. कमळ जसंच्या तसं होतं. एकही पाकळी हललेली नव्हती. कॅप्टन बाईंनी फोटो काढला, जुना फोटो शेजारी धरला आणि सगळ्यांना दाखवला.

"कुणी उघडलं का हे झाकण, प्रेमराजसाहेब?"

"छे! किल्ली माझ्याकडे. आणि रांगोळी तर दिसतेच आहे."

"मग सोडा दांडी."

मामांनी कुलूप काढलं. कमळ मोडलं. दांडी आत गेली, बाहेर आली, आणि ओली खूण चाकूच्या रेघेपाशी पोचलीच नाही. चार बोटं खाली!

मामांनी दांडी पुन्हा सोडली. पुन्हा चार बोटं.

"आता कुणाचा सदरा काढायचा?" कामिनी म्हणाली. या वेळी जीभ टाळ्याला चिकटली नाही. "निंबा आबा तीन दिवस घरी होते. कुलूप तुमचं होतं. झाकणावर लक्ष्मीचं कमळ होतं. तरी पेट्रोल गेलं, मामा! टाकी गळतेय! ते मातीतून आबांच्या विहिरीत जातंय!"

"गप्प बस!" मामा कडाडले. "लहान तोंडी..."

"तिला बोलू द्या," कॅप्टन बाई म्हणाल्या. "आज एकही विमान उडणार नाही. टाकीतून इंधन बाहेर जातं तिथून पाणी आत येऊ शकतं. माझी मुलं त्या इंधनावर आकाशात जातात! टाकी रिकामी करा. तपासणीवाल्यांना मी बोलावते."

तपासणीवाले दोन दिवसांनी आले. टँकरमध्ये इंधन काढलं, टाकीत हवा खेळवली, आणि तोंडाला मुखवटा लावून एक माणूस आत उतरला. बाहेर आला तेव्हा त्यानं अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवलं. "एवढं भोक! आणि कुठं, तर बरोबर मापाच्या नळीखाली. दांडी रोज जिथं टेकते तिथंच. टोक आपटतं, गंज खरवडतं, पुन्हा गंज धरतो, पुन्हा खरवडतं. पत्रा झिजून आरपार गेला."

निंबा आबांना रूपा हाताला धरून घेऊन आली होती. ते गर्दीच्या मागे उभे होते. मामांनी आबांना बघितलं आणि मामांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. बुडणाऱ्याला फळकूट सापडलं!

"ऐकलंत?" मामा म्हणाले. "दांडी कुणाच्या हातात होती? रोज, तेहेतीस वर्षं? चोर नसतील, पण टाकी फोडली यांनीच! स्वतःच्या हातानं स्वतःची विहीर नासवली!"

आबांनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. चोर म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते आत्ता आलं. तेहेतीस वर्षांत एकही सकाळ चुकवली नव्हती त्यांनी. ताप असताना, पाऊस कोसळत असताना, मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. आणि त्या प्रत्येक सकाळीनं टाकी थोडी थोडी झिजवली म्हणे!

"एक मिनिट," तपासणीवाला माणूस म्हणाला. "तशी झिजायला नको होती. नळीखाली जाड पाटी बसवलेली असते, दांडी तिच्यावरच टेकावी म्हणून. आत वेल्डिंगच्या डागाच्या चार खुणा आहेत, चौकोनात. म्हणजे पाटी होती. कुणीतरी छिन्नीनं तोडून काढलीय. टाकी शेवटची कधी धुतली?"

"आठ वर्षांपूर्वी," कॅप्टन बाई कागद बघत म्हणाल्या. "प्रेमराजसाहेब नवीन आले तेव्हा."

"मग पाटी कुठंय?"

"मला काय माहीत?" मामा म्हणाले. "भंगारात गेली असेल!"

तेवढ्यात एक वाजला. फाटकाशी उखर्डूभाऊंनी नेहमीप्रमाणे हात उचलला.

ठण्ण!

कामिनी जागच्या जागी उडाली. चौकोनी पाटी! आठ वर्षं! 'टण' जाऊन 'थुप' आलं तेव्हापासून! "खळी!" ती किंचाळली. "योग्या, घंटेची खळी! पळ!"

तिघंही फाटकाकडे सुसाट सुटली. मागून सगळी गर्दी. उखर्डूभाऊंना वाटलं, आज लोकांना फारच भूक लागलीय! रूपानं त्यांच्या हातातून बोल्ट काढून घेतला. कामिनी आबांची दांडी घेऊन आली होती. तिनं पितळी टोक पाटीच्या मधल्या खळग्यात टेकवलं. ते असं बसलं की जणू तिथंच जन्मलं होतं. चारही कोपऱ्यांवर डाग तुटल्याच्या खरबरीत खुणा होत्या.

"भाऊ, ही घंटा कुणी दिली तुम्हाला?" कॅप्टन बाईंनी विचारलं.

उखर्डूभाऊ गोंधळले. "साहेबनीच! टाकी धुनी तवय भंगारमा पडेल व्हती. साहेब म्हने, उखर्डू, मस्त घंटी व्हई, टांगी दे! तवय निंबाभाऊ जेवाले घर गयेल व्हता."

टाकीचा तळ वाचवणारी पाटी आठ वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेली होती आणि रोज दुपारी बोंबलून सांगत होती. ज्या सकाळी आबांचा सदरा उतरवला, तेव्हा गर्दी जमवायलाही हीच वाजली होती.

* * *

पुढच्या आठवड्यात शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. दुसरं काय होणार? खुर्च्या आल्या, भोंगा आला, वर्तमानपत्रवाला आला. जुनी टाकी कायमची बंद झाली होती आणि नवीन टाकी जमिनीच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी बसणार होती. मामांची चौकशी सुरू झाली होती, तरी ते पहिल्या रांगेत होते आणि "माझीच भाची!" असं शेजाऱ्याला सांगत होते. अशी माणसं बुडताना दुसऱ्याच्या कौतुकाला लोंबकळतात. कॅप्टन बाईंनी तिघांच्या हुशारीची गोष्ट सांगितली. सरपंच म्हणाले, ही पोरं म्हणजे गावाचं भूषण! ज्यांनी "पेट्रोलचोर" म्हणून नाच केला होता त्या पोरांनी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

मग निंबा आबांना वर बोलावलं. सरपंचांनी शाल उलगडली.

"शाल नको माले," आबा म्हणाले. भोंग्यातून ते सगळीकडे ऐकू गेलं. "मना सदरा ठेवी लिधा व्हता तुम्ही. तो द्या."

सगळे मामांकडे बघू लागले. मामा योगराजकडे बघू लागले. शेवटी एक मेकॅनिक उठून पट्टीवर गेला. पुष्कळ वेळानं तो परत आला आणि त्यानं मान खाली घालून एक काळं, तेलकट फडकं पुढे केलं. त्याची एक बाही फाटली होती. पुराव्याचा सदरा चौथ्याच दिवशी शेडमध्ये हात पुसायला गेला होता. खिशावरची दोन बटणं तेवढी ओळखू येत होती.

आबांनी तो नीट दुमडला. बाही आत, कॉलर वर, बाजारातून आणल्यासारखा. काखेत धरला आणि ते स्टेजवरून उतरून घराकडे चालू लागले. रूपा त्यांच्या मागून गेली. सरपंचांच्या हातात शाल तशीच राहिली.

"आणि आता आपली बालवीर, कुमारी कामिनी..." भोंगा म्हणाला.

कुमारी कामिनी खुर्चीवर नव्हती. ती धुळीतून धावत होती.

"आबा! थांबा ना, आबा!" ती धापा टाकत त्यांच्यासमोर उभी राहिली. रूपाकडे बघायचं धाडस नव्हतं, तरी बघितलं. "विहिरीला वास येतो, हे मामाला मी सांगितलं होतं. मीच. मला शाबासकी हवी होती. इतके दिवस मी रूपाला बोलले नाही."

रूपाचा चेहरा दगडासारखा झाला. तिनं तोंड फिरवलं.

"माले माहीत व्हतं," आबा म्हणाले. "त्या दिवशी फाटकवर तुनं तोंड दखं मी." त्यांनी काखेतला सदरा सावरला. "तू खरंच सांगं व्हतं, पोरी. वास व्हताच. तो टाकीना वास व्हता, त्यासनी मना करी टाका."

"मग तुम्ही रागावला नाहीत माझ्यावर?"

"राग शे," आबा म्हणाले. "शे ना. कसा नही ऱ्हाई?"

कामिनीला रडू फुटलं. मागे भोंग्यातून तिचं नाव पुन्हा पुकारलं जात होतं.

"विहिरीचं पाणी अजून दोन वर्षं तरी चालणार नाही म्हणे," रूपा कुणाकडेही न बघता म्हणाली. "गाईला गावातल्या नळावरून पाणी आणावं लागतं. सहा खेपा होतात."

आबांनी मान हलवली. "सकाळे हंडा लई ये," ते कामिनीला म्हणाले. "गायले पानी आननं शे."

सुट्टीचे आठ दिवस उरले होते. कामिनी स्टेजकडे गेलीच नाही. ती सरळ मामीकडे गेली आणि तिनं घरातला सगळ्यांत मोठा हंडा मागून घेतला.